अँक्झायटीसाठी गांजा ओढतो, हे थेरपिस्टला सांगू का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे एकोणतीस वर्षांचे आहेत, पुण्यात आयटीत आहेत. गेलं दीड वर्ष रोज रात्री जेवणानंतर एक जॉइंट ओढतात, 'डोकं बंद व्हावं म्हणून'. दोन महिन्यांपूर्वी अँक्झायटीसाठी थेरपी सुरू केली, पण तिथे हा विषय काढलेला नाही. थेरपिस्ट लोकांना याबद्दल खरं काय वाटतं, सांगितलं तर ते घरी किंवा पोलिसांना कळवतील का, आणि बरं वाटत असेल तर सोडायलाच हवं का, असे तीन प्रश्न आहेत.

सांगा, आणि पुढच्याच सेशनला सांगा. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, बरीच वर्षं अँक्झायटी आणि व्यसन या दोन्ही विषयांत काम करते आहे. सांगायला का हवं ते पुढे येईलच. आधी पोलिसांची भीती बाजूला काढू, कारण ती डोक्यात असेपर्यंत बाकीचं काही ऐकू येणार नाही.

समोरचा माणूस गांजा ओढतो हे कळलं म्हणून पोलिसांना खबर देण्याचं बंधन थेरपिस्टवर नाही. उलट २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्यांवर टाकतं, आणि दारू व अमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक तक्रारी त्या कायद्याच्या व्याख्येतच येतात. अपवाद आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, किंवा तुमच्यावर उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला माहिती देणं गरजेचं असेल, तर गोष्ट वेगळी. रात्रीचा जॉइंट यात कुठे बसत नाही. घरच्यांचंही तसंच. तुम्ही सज्ञान आहात. फी वडील भरत असले तरी तुम्ही आत काय बोलता हे त्यांना सांगायचं नसतं. फक्त थेरपी कंपनीच्या योजनेतून मिळत असेल, तर कंपनीकडे नेमकं काय जातं हे आधी विचारून घ्या. सहसा किती सेशन झाली एवढंच जातं, पण विचारायला काहीच हरकत नाही.

याचा अर्थ गांजाला मोकळीक आहे असा नव्हे. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली नुसत्या सेवनालाही सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे 'गोव्यात चालतं', 'कसोलला कोण विचारतं' असल्या बोलण्यावर विसंबू नका. पण त्याच कायद्यात कलम ६४अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातला गुन्हा लागलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. कायद्यानेच उपचाराला एवढी जागा ठेवली आहे, तेव्हा थेरपिस्टने हवालदार व्हायचं काही कारण नाही.

आता थेरपिस्टना काय वाटतं. एकमत नाही, आणि ते तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे समोरच्याची प्रतिक्रिया कुठून येते आहे हे ओळखता येईल.

काही जण व्यसनमुक्तीच्या कामातून आलेले असतात. आपल्याकडे ती परंपरा चांगली रुजलेली आहे, पुण्यातलं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे, आणि तिचा भर पूर्ण सोडण्यावर राहिला आहे. या लोकांसमोर येणारी माणसं नोकरी, लग्न, तब्येत यांतलं काहीतरी गमावून आलेली असतात. साहजिकच त्यांचं म्हणणं असतं, आधी सोडा, अँक्झायटीचं मग बघू. ज्याचा दिवस सकाळी उठल्याउठल्या चिलमीने सुरू होतो त्याच्या बाबतीत मला हे पटतं. पण तुमच्यासारख्याला हीच अट घातली तर तो पुढच्या सेशनला येतच नाही. जी गोष्ट अँक्झायटीमुळे सोडता येत नाही, ती आधी सोडून दाखव आणि मग अँक्झायटीवर उपचार घे, यात काय तर्क आहे ते मला कधी कळलेलं नाही. दोन्हीवर एकत्र काम करता येतं, आणि करायला हवं.

दुसरे, जास्त करून तरुण, नुकसान कमी करण्याच्या विचाराचे. ते किती, कधी, कुणाबरोबर, कशासाठी असं विचारतात आणि सोडण्याचा निर्णय तुमच्यावर ठेवतात. मी बरीचशी यांच्या बाजूची आहे. यांची अडचण एवढीच की नैतिक निवाडा करायचा नाही या नादात काही वेळा वैद्यकीय निवाडाही करायचा राहून जातो.

तिसरे विचारतच नाहीत. विचारलं आणि तुम्ही 'हो, कधीकधी' म्हणालात तर 'प्रमाणात असेल तर काही नाही' म्हणून पुढे जातात. समुपदेशनाच्या कित्येक अभ्यासक्रमांत अमली पदार्थांवर जेमतेम एखादा धडा असतो. काहींना विचारायला संकोच वाटतो. काही स्वतःच वीकेंडला ओढतात, त्यामुळे त्यांना त्यात विचारण्यासारखं काही दिसत नाही. मला सगळ्यात काळजी याच गटाची वाटते. रागावणाऱ्या थेरपिस्टला तुम्ही सोडून जाल आणि दुसरा शोधाल. न विचारणाऱ्याकडे मात्र वर्षभर जात राहाल.

सायकिअॅट्रिस्टकडे गेलात तर तिथे आणखी एक हिशेब असतो, गोळ्यांचा. तो पुढे येईल.

या मतभेदामागे कोण किती आजारी माणसं पाहतो हेही असतं. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. त्यात वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले सुमारे ३.१ कोटी लोक निघाले, आणि त्यांतल्या साधारण ७२ लाखांना त्यासाठी मदतीची गरज असल्याचं दिसलं. म्हणजे बहुतेकांचं घेणं आजारापर्यंत गेलेलं नव्हतं, आणि तरीही गेलेल्यांची संख्या छोटी नाही. दोन्ही बाजूंचे लोक या आकड्यांतला आपल्या सोयीचा अर्धा भाग सांगतात.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही लिहिलं आहे: 'संध्याकाळी सात वाजल्यापासून आतून अस्वस्थ व्हायला लागतं, जॉइंट ओढला की वीस मिनिटांत जातं, म्हणजे औषध लागू पडतंय.' पूर्ण प्रश्नात मला महत्त्वाचं वाटलेलं वाक्य हेच. ही सात वाजताची अस्वस्थता तुमची किती आणि गांजाची किती?

गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं रसायन, मेंदूतल्या सीबी१ नावाच्या रिसेप्टरना, म्हणजे पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागांना, जाऊन चिकटतं. भीतीची घंटा वाजवणारा जो अमिग्डाला, तिथेही हे रिसेप्टर आहेत. म्हणून योग्य मात्रेत भीतीचा आवाज खाली येतो. हे खरं आहे, तुमचा भ्रम नाही. पण रोज बाहेरून पुरवठा व्हायला लागला की मेंदू स्वतःचे रिसेप्टर कमी करतो. मग तेवढ्याच जॉइंटने पूर्वीइतकं होत नाही, आणि मधल्या वेळात माणूस मुळात होता त्याहूनही जास्त बेचैन असतो. सोडल्यावर काय होतं याची यादी ठरलेली आहे: चिडचिड, बेचैनी, चिंता, झोप न लागणं, भूक जाणं, उदास वाटणं, काहींना घाम आणि डोकेदुखी. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत गांजाचा विथड्रॉवल, म्हणजे सोडल्यावरचा हा त्रास, २०१३ च्या आवृत्तीत आला. 'गांजाचं व्यसन लागत नाही' हा समज त्याआधीचा आहे आणि अजून फिरतो आहे. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलेल्या एका मोठ्या विश्लेषणात नियमित वापरणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांमध्ये ही लक्षणं सापडली.

ती यादी पुन्हा वाचा. तिच्यातलं निम्मं तुम्ही थेरपिस्टला 'माझी अँक्झायटी' म्हणून सांगितलेलं असणार.

ही लक्षणं साधारण एक ते तीन दिवसांत सुरू होतात, पहिल्या आठवड्यात टोकाला जातात आणि दोनेक आठवड्यांत ओसरतात. झोप आणि स्वप्नं त्यानंतरही काही आठवडे त्रास देतात. रोज रात्री ओढणाऱ्याला सात वाजता पूर्ण विथड्रॉवल येत नाही, पण ठरलेली वेळ जवळ आली की शरीर ती गोष्ट मागायला लागतं, आणि ते मागणं छातीत, पोटात, हातात अगदी चिंतेसारखंच जाणवतं. त्यात दिवसभराचं काम आणि चार कप कॉफी मिळवा. सात वाजता तुम्हाला जे होतं त्यातला कोणता भाग कशाचा हे नुसतं आत डोकावून सांगता येत नाही. मलाही नाही, तुम्हालाही नाही.

यातूनच एक फसवा प्रयोग होतो. माणूस ठरवतो, पुरे झालं, सोमवारपासून बंद. बुधवारी रात्री झोप नाही, गुरुवारी मीटिंगमध्ये हात थरथरतात, शुक्रवारी बायकोवर ओरडतो. शनिवारी मित्राकडे जाऊन पेटवतो आणि अर्ध्या तासात सगळं शांत. निष्कर्ष काय? 'माझी मूळ अँक्झायटी केवढी भयंकर आहे बघा, गांजाशिवाय मी जगूच शकत नाही.' प्रत्यक्षात त्याने अँक्झायटी मोजलीच नाही. त्याने विथड्रॉवलचा सगळ्यात वाईट आठवडा मोजला. मेंदूच्या स्कॅनवर पाहिलेल्या अभ्यासांत कमी झालेले रिसेप्टर सोडल्यावर दोन दिवसांतच परत वाढायला लागतात आणि सुमारे चार आठवड्यांत जवळपास इतरांइतके होतात. म्हणून तुमची स्वतःची अँक्झायटी किती, हे विचारायचं असेल तर पाचव्या दिवशी नाही, पाचव्या आठवड्यात विचारायचं.

आणि म्हणूनच थेरपिस्टला सांगायला हवं. दर आठवड्याला तुम्ही प्रश्नावली भरता, आकडा वर-खाली होतो. वाढला तर तुमच्या थेरपिस्टला वाटेल, गेल्या वेळी वडिलांचा विषय काढला म्हणून वाढला. खरं कारण कदाचित एवढंच असेल की त्या आठवड्यात पुडीवाल्याचा फोन लागत नव्हता.

'पण बरं तर वाटतं ना' याला मी उडवून लावत नाही. पुरावा काय म्हणतो ते मात्र नीट ऐका, कारण तो दोन्हीकडे जातो. शिकागोत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४२ निरोगी लोकांना अनोळखी परीक्षकांसमोर मुलाखत आणि गणितं असा ताण दिला गेला. ज्यांना आधी ७.५ मिलिग्रॅम टीएचसी दिलं होतं त्यांना ताण कमी जाणवला. ज्यांना १२.५ मिलिग्रॅम दिलं त्यांची चिंता आणि नकोसेपणा वाढला, ताण सुरू व्हायच्या आधीपासूनच वाढला. फरक पाच मिलिग्रॅमचा. प्रयोगशाळेत ते मोजून कॅप्सूलमध्ये देता येतं. तुमच्या पुडीवर किती टक्के ते लिहिलेलं नसतं. मनालीची 'क्रीम', हायड्रोपोनिक 'ओजी', विदर्भ-आंध्रातून आलेला साधा बियांचा माल, यांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि विकणाऱ्यालाही तो माहीत नसतो. खाण्यातून घेतलं तर आणखी घोळ. ओढल्यावर काही मिनिटांत कळतं, पोटातून जायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. रंगपंचमीला 'काहीच होत नाहीये' म्हणून भांगेचा दुसरा ग्लास घेणारे आणि मग मरतोय असं वाटून इमर्जन्सीत येणारे दरवर्षी असतात. त्यांतल्या काहींचा तो आयुष्यातला पहिला पॅनिक अटॅक असतो, आणि दुर्दैवाने शेवटचा नसतो.

रोजच्या आयुष्यात काय होतं यावर बोस्टनमध्ये झालेला एक अभ्यास २०२२ मध्ये आला. दुखणं, निद्रानाश, अँक्झायटी किंवा नैराश्य यांसाठी गांजाचं वैद्यकीय कार्ड हवं असलेल्या १८६ लोकांपैकी काहींना ते लगेच मिळवू दिलं, बाकीच्यांना बारा आठवडे थांबायला सांगितलं. लगेच कार्ड मिळालेल्यांची झोप सुधारल्याचं त्यांनी सांगितलं. अँक्झायटी, नैराश्य आणि दुखण्यात मात्र थांबलेल्यांपेक्षा फरक पडला नाही, आणि गांजाच्या व्यसनाची लक्षणं त्यांच्यात जवळपास दुपटीने दिसली. अँक्झायटी-नैराश्यवाल्यांना हा धोका सगळ्यात जास्त होता. म्हणजे जे त्याच्याकडे सर्वांत मोठ्या आशेने गेले त्यांचाच तोटा मोठा. अमेरिकेतल्या ८० माजी सैनिकांवर आघातोत्तर तणावासाठी ओढण्याच्या गांजाची चाचणी झाली, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन आठवड्यांत सगळेच गट सुधारले, नकली गांजा ओढणारेसुद्धा. खऱ्या-खोट्यात म्हणावा असा फरक निघाला नाही. तिथल्या माजी सैनिक विभागाची उपचारांची मार्गदर्शक सूचना या तक्रारीसाठी गांजा वापरू नका असंच सांगते.

गांजातल्याच सीबीडी या दुसऱ्या रसायनाची गोष्ट वेगळी आहे. त्याने नशा चढत नाही. ब्राझीलमध्ये लोकांना भाषण करायला लावून केलेल्या छोट्या प्रयोगांत एका मोठ्या मात्रेने घबराट कमी झाली, पण त्या मात्रा ३०० ते ६०० मिलिग्रॅमच्या होत्या. बाजारात 'विजया' तेल म्हणून आयुर्वेदिक परवान्याखाली विकल्या जाणाऱ्या बाटलीतून चार थेंब घेतले तर तेवढं पोटात जात नाही. शिवाय यांतल्या काही तेलांत टीएचसीही असतं. बाटलीवर दोन्हींचं प्रमाण वाचल्याशिवाय घेऊ नका, आणि घेत असाल तर तेही थेरपिस्टला आणि डॉक्टरला सांगा. 'ते तर आयुर्वेदिक आहे' म्हणून लोक ते यादीत धरतच नाहीत.

नैसर्गिक आहे, शंकराला चालतं, नाशिकच्या कुंभात साधू ओढतात, हे युक्तिवाद मी नियमित ऐकते. साधूला सकाळी साडेनऊची ऑफिसची स्टँडअप मीटिंग नसते, एवढंच माझं उत्तर.

आता थेरपीच्या आतली गोष्ट, जी बहुतेक लेखांत येत नाही. अँक्झायटीवर सगळ्यात भक्कम पुरावा असलेली थेरपी म्हणजे सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी), आणि तिचा गाभा आहे एक्स्पोजर. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर थोडं थोडं थांबायचं, भीती वर जाऊ द्यायची आणि ती आपोआप खाली येते हे शरीराला अनुभवू द्यायचं. शिकणं होतं ते त्या खाली येण्यात. आता कल्पना करा, दिवसा क्लायंटसमोर प्रेझेंटेशन झालं, धडधडलं, पण निभावलं. घरी आलात, आठ वाजता त्या प्रसंगाची उजळणी डोक्यात सुरू झाली, 'मी तिथे अडखळलो, त्यांना कळलं असेल'. ही उजळणी सहन करून ती विझू देणं हाही एक्स्पोजरच आहे. नऊ वाजता जॉइंट पेटला. उजळणी थांबली. पण ती स्वतःहून थांबली असती, हे तुम्हाला कळलं नाही. श्रेय जॉइंटला गेलं. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात तसं हे, फक्त गावाकडे डबा काढून घ्यायला काका कठड्यावर उभा असतो, इथे तसं कुणी नसतं.

म्हणून मी स्वतः एक गोष्ट ठाम ठेवते: सेशनला ओढून यायचं नाही, आणि एक्स्पोजरच्या दिवशी त्याच्या आधी किंवा नंतरच्या काही तासांत ओढायचं नाही. बाकीच्या आठवड्याबद्दल आपण बोलू, ठरवू, घासाघीस करू. हे एवढं पाळलं नाही तर तुमची फी आणि माझा वेळ दोन्ही वाया जातात. नशेत आलेल्या माणसाशी गप्पा छान होतात. कधीकधी तो रडतोही, आणि दोघांनाही वाटतं की आज फार मोठं काम झालं. पुढच्या आठवड्यात त्यातलं काही शिल्लक नसतं.

तर सोडायलाच हवं का? पहिल्या दिवशी नाही. आधी दोन आठवडे नुसतं लिहा, काही बदलू नका. ओढायच्या आधी अस्वस्थता शून्य ते दहात किती, कशामुळे, एका तासाने किती, दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर किती. शेवटचा रकाना कुणी लिहीत नाही, आणि नेमकं त्यातच बरंचसं दिसतं. ही वही घेऊन थेरपिस्टसमोर बसा. त्यानंतर मी साधारणपणे वेळ पुढे ढकलायला सांगते: नऊचा दहाला, मग अकराला, आणि मधल्या तासात काय होतं ते पाहायचं. काय होतं तर लाट वर जाते आणि बहुतेकदा खाली येते. ते दोन-चारदा दिसलं की माणसाचा स्वतःवरचा विश्वास वाढतो, माझ्या सांगण्याने वाढत नाही. मग अर्धा, मग एक दिवसाआड, आणि मग चार-पाच आठवडे पूर्ण बंद, एक प्रयोग म्हणून. कामाचा सगळ्यात जास्त ताण असलेला महिना यासाठी निवडू नका. घरातल्या किंवा मित्रांतल्या एका माणसाला कल्पना देऊन ठेवा की पहिले दहा दिवस मी जरा चिडचिडा असेन.

दोन गोष्टी या काळात लोकांना गाफील गाठतात. एक, स्वप्नं. टीएचसीने स्वप्नांची झोप दबलेली असते, ती सोडल्यावर उसळून येते. भडक, विचित्र, कधी भीतिदायक स्वप्नं पडतात. 'डोक्यात काहीतरी बिघडलं' असं वाटून लोक परत ओढतात. बिघडलेलं नसतं, ती ओसरतात. दुसरी, तंबाखू. आपल्याकडे जॉइंट म्हणजे बहुतेकदा सिगारेट रिकामी करून त्या तंबाखूत मिसळलेला माल. जॉइंट बंद म्हणजे निकोटिनही बंद, आणि निकोटिनच्या विथड्रॉवलची यादीही चिंता, चिडचिड, निद्रानाश हीच. किंवा उलट होतं, जॉइंट सुटतो आणि दिवसाला आठ सिगारेटी सुरू होतात. हे आधीच ठरवा, लागल्यास निकोटिनच्या च्युइंगगमबद्दल डॉक्टरांशी बोला.

झोपेसाठी आणि मूळ अँक्झायटीसाठी औषध लागेल का, हे सायकिअॅट्रिस्ट ठरवतील. त्यांना गांजाचं माहीत असणं जास्तच गरजेचं, कारण सीबीडी यकृतात काही औषधांचं विघटन मंदावतं आणि एस्सिटॅलोप्रामसारख्या अँक्झायटीच्या नेहमीच्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. ओढण्याच्या धुराने उलट ओलान्झापिन, क्लोझापिनसारख्या सायकोसिसवरच्या औषधांचं घटतं, आणि सोडल्यावर अचानक वाढतं. एस्सिटॅलोप्रामचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. तुलना वीस मिनिटांत काम करणाऱ्या जॉइंटशी केलीत तर गोळी नेहमीच हरेल. आणि अल्प्राझोलामच्या, म्हणजे झटपट शांत करणाऱ्या पण सवय लागणाऱ्या गोळ्या मित्राकडून घेऊन ही दरी भरू नका. गांजा सोडताना मला सगळ्यात जास्त भीती त्या गोळीची वाटते.

काहींनी मात्र हळूहळूच्या भानगडीत न पडता थेट सायकिअॅट्रिस्टकडे जायला हवं. ओढल्यावर किंवा न ओढताही कुणी पाठलाग करतंय, लोक आपल्याबद्दलच बोलताहेत असं वाटणं, आवाज ऐकू येणं, घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असणं, गरोदरपण, हृदयाचा विकार. युरोपातल्या अनेक शहरांत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज जास्त ताकदीचा गांजा ओढणाऱ्यांमध्ये सायकोसिसची, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याची, शक्यता कधीच न ओढलेल्यांच्या जवळपास पाचपट दिसली. वय अठरा-वीस असेल तर माझा सूर वर लिहिल्याइतका सैल राहत नाही. मरणाचे विचार येत असतील तर पुढच्या सेशनची वाट पाहू नका, टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

परदेशातल्या मराठी मुलांसाठी एक टीप, कारण ती आता ऑनलाइन इथल्या थेरपिस्टकडे येतात. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे आणि दुकानातल्या पाकिटावर टीएचसीचं प्रमाण छापलेलं असतं, ही मोठी सोय आहे. वर लिहिलेलं रिसेप्टरचं गणित मात्र टोरांटोतही तेच. अमेरिकेत राज्याने परवानगी दिली असली तरी केंद्रीय कायद्यात तो बेकायदेशीर आहे, आणि व्हिसा किंवा ग्रीन कार्डच्या अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली अंगाशी येऊ शकते. थेरपिस्टसमोरची नाही. आणि सुट्टीला येताना गांजाच्या गमीज (चघळायच्या गोड गोळ्या) बॅगेत टाकून आणू नका, मुंबई विमानतळावर ते अमली पदार्थच.

सांगायचं कसं? फार तयारी नको. 'एक गोष्ट सांगितली नव्हती. मी दीड वर्ष रोज रात्री गांजा ओढतो, चिंतेसाठी. सोडायचा की नाही हे मला ठरवता येत नाहीये.' तिसरं वाक्य जरूर म्हणा, त्याने समोरच्याला कळतं की तुम्हाला सल्ल्याआधी संभाषण हवं आहे. थेरपिस्टने कधी, किती, कशात मिसळून, आधी किती वेळा थांबलात, थांबल्यावर काय झालं असं विचारलं, तर तुम्ही योग्य जागी आहात. व्याख्यान सुरू झालं तर एकदा सांगून बघा की मला याचा राग नकोय, मदत हवी आहे. तरीही तेच चाललं तर बदला. 'चालतं हो' म्हणून विषय संपवला तर तुम्ही परत काढा, वही पुढे करा.

आणि हे सेशनच्या सुरुवातीला सांगा. लोक अशी गोष्ट शेवटच्या पाच मिनिटांत, चपला घालता घालता सांगतात, म्हणजे सांगितल्याचं समाधान मिळतं आणि बोलावं लागत नाही. पुढच्या वेळी दोघंही अवघडलेले असतात आणि तो विषय आणखी महिनाभर तसाच राहतो.